वाट चुकलेल्या पक्ष्याची साक्ष

सत्यवचनी माणसाच्या बोलण्यावर संशय घेणे सज्जनपणाला शोभत नाही, अशी आपल्याकडील समजूत आहे, आणि ती सर्वथा वाईट आहे असे कोणी म्हणणार नाही. घरात, शेजाऱ्यापाजाऱ्यांत, स्नेह्यासोबत्यांत माणसे एकमेकांच्या शब्दावर चालतात. प्रत्येक शब्दाला पुरावा मागू लागलो, तर दोन दिवसही संसार चालावयाचा नाही. तथापि विद्येचा असा एक लहानसा प्रांत आहे की, जेथे याच्या अगदी उलट रीत चालते. तेथे मनुष्य कितीही सज्जन असो, त्याने सांगितलेली गोष्ट प्रथम असिद्ध धरावयाची आणि मग तिची छाननी करावयाची, असा परिपाठ आहे. आणि नवल हे की, त्या प्रांतातील जाणती माणसे त्यात आपला अपमान झाला असे मानीत नाहीत. हा प्रांत म्हणजे वादळाने भलत्याच मुलखात आणून टाकलेल्या दुर्मिळ पक्ष्यांची ओळख पटविण्याचा. एवढ्याशा विषयावर तत्त्वचर्चा ती काय करावयाची, असे म्हणून वाचकांपैकी काहीजण पान उलटतील. आम्हीही एके काळी तेच केले असते. परंतु प्रामाणिक माणसाकडे पुरावा मागणे हा त्याचा अपमान होतो की नाही, हा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला तो एका पाखराच्याच निमित्ताने; म्हणून ती हकीकत आधी सांगणे भाग आहे.

सन २०२१ च्या मे महिन्यात ‘तौक्ते’ नावाचे चक्रीवादळ अरबी समुद्रातून कोकणपट्टीला जवळजवळ खेटून उत्तरेकडे गेले आणि १७ तारखेच्या रात्री गुजरातच्या किनाऱ्यावर चढले. रोगाच्या साथीमुळे त्या दिवसांत प्रवासावर निर्बंध होते, आणि आम्ही वेंगुर्ले तालुक्यातील आमच्या गावीच अडकून पडलो होतो. वादळ पुढे सरकल्यावर दोन दिवसांनी आम्ही किनाऱ्यावर गेलो. वाळूवर झावळ्या, तुटकी जाळी, बाटल्या आणि मेलेले मासे यांचा खच पडला होता. गावातील एक वयोवृद्ध गाबीत, ज्यांस लहानथोर सारेच आबा म्हणतात, वर ओढून ठेवलेल्या होडीच्या सावलीत बसले होते. शेजारी एक टोपली पालथी घातलेली असून तिच्यावर भिजवलेले गोणपाट टाकले होते. आत काय आहे, म्हणून विचारता ते म्हणाले, “पाखरू आसा. दमलासा. निजांदे तेका.”

आम्ही निजू दिले नाही. टोपली उचलली आणि आतील पक्षी हातात घेतला. पाठ काळपट, पोट पांढरेशुभ्र, चोच आणि पाय काळे, शेपटी दुभंगलेली, कपाळावर पांढरा पट्टा. सुरय जातीचा पक्षी, एवढे पाहताक्षणी कळले. पुढचा प्रश्न मात्र कठीण होता. अशा रूपाचे समुद्री सुरय दोन आहेत. त्यांच्या इंग्रजी नावांचा अर्थ घेऊन एकास आम्ही येथे ‘काजळ्या’ म्हणू आणि दुसऱ्यास ‘लगाम्या’. काजळ्याची पाठ खरोखरीच काळी असते, आणि त्याच्या कपाळावरचा पांढरा पट्टा रुंद असून डोळ्याशी येऊन थांबतो. लगाम्याची पाठ राखट तपकिरी असते, आणि त्याचा पट्टा अरुंद असून भुवईसारखा डोळ्याच्या मागेपर्यंत जातो. पुस्तकात दोघांची चित्रे शेजारी शेजारी असली म्हणजे हा भेद शेंबड्या पोरासही कळावा. पण भिजून चिकटलेल्या पिसांचा, अर्धमेला, मान टाकणारा पक्षी हातात असता काळे कोणते आणि राखट कोणते, पट्टा कोठे संपला आणि पिसे कोठे विस्कटली, हे सांगताना भल्याभल्यांची त्रेधा उडते. त्यात आणखी एक गोष्ट अशी की, लगाम्या हा आमच्याकडचाच. वेंगुर्ल्यासमोरच्या समुद्रातील खडकांवर तो घरटी करतो. काजळ्या मात्र दूर समुद्रावरचा, आमच्या किनाऱ्यास परका. तो दिसावयाचा तो वादळाच्या कृपेने. आम्हांस कोणता असावासा वाटला, हे सांगावयास नकोच.

तासभर आम्ही तो पक्षी हातात धरून होतो. पंख उघडले, मिटले, पुन्हा उघडले. दूरध्वनी यंत्रातील कॅमेऱ्याने पंधरावीस छायाचित्रे घेतली. पंखाची लांबी मोजण्याचे मात्र सुचले नाही, आणि तीच एक गोष्ट सर्वांत उपयोगाची होती. आबा शेजारी उभे राहून पाहत होते. ते म्हणाले, “ह्या आमच्याच खडकारचा पाखरू. सकाळी थंय ओंडक्यार बसलेला मिया बघितलंय.” म्हणजे वाहून आलेल्या ओंडक्यावर बसून तो पक्षी किनाऱ्याकडे येत होता, एवढे त्यांनी पाहिले होते. आम्ही मान डोलावली आणि मनात हसलो. पक्षी ओंडक्यावर बसला, याने त्याची जात कशी ठरावी? शिवाय पुस्तके आमच्या घरी होती, त्यांच्या घरी नव्हती.

रात्री पक्षी मेला. सकाळी केवड्याच्या बनाशेजारी वाळूत आम्हीच त्यास पुरले, आणि त्याच दिवशी पक्ष्यांच्या नोंदी प्रसिद्ध करणाऱ्या एका नियतकालिकाकडे काजळ्या सुरय सापडल्याची सविस्तर हकीकत लिहून पाठविली. सहा आठवड्यांनी उत्तर आले. भाषा सौजन्याची होती. मतलब इतकाच की, सादर केलेल्या पुराव्यावरून पक्ष्याची जात निश्चित होत नाही, सबब नोंद स्वीकारता येत नाही. आम्हांस अतिशय राग आला. पक्षी आम्ही हातात धरला होता, त्यांनी नव्हे. आमच्या शब्दाला काही किंमत आहे की नाही? आम्ही काय खोटे बोलतो? हा राग आम्ही चार महिने जपून ठेवला, आणि भेटेल त्याला ऐकवला.

आता असे पक्षी येतात कसे, याविषयी दोन शब्द. काजळ्या सुरय समुद्रावर राहतो, पण त्याची पिसे पाण्यास फारशी दाद देत नाहीत असे नव्हे, तर लवकरच भिजून जड होतात. त्यामुळे तो पाण्यावर फार वेळ बसू शकत नाही, आणि विणीचा काळ सोडला तर त्याचे आयुष्य हवेतच जाते. पिल्लू एकदा उडाले म्हणजे पुढील काही वर्षे जमिनीस त्याचे पाय लागत नाहीत. फ्रिगेट नावाच्या मोठ्या समुद्री पक्ष्याचीही पिसांबाबत अशीच स्थिती आहे. वादळ आले म्हणजे अशा पक्ष्यांस खाली बसण्याची सोय नाही. ते वाऱ्याबरोबर जातात. चक्रीवादळाच्या मध्यभागी जो शांत पोकळ भाग असतो, ज्यास डोळा म्हणतात, त्यात कित्येक पक्षी कोंडले जातात. भोवती वाऱ्याची भिंत, म्हणून बाहेर पडता येत नाही, आणि डोळा जिकडे जाईल तिकडे उडत राहावे लागते. रडारच्या पडद्यावर वादळाच्या डोळ्यात फिरणारे हे थवे अलीकडे स्पष्ट दिसले आहेत. वादळ भूमीवर येऊन मोडले म्हणजे हे पक्षी गळून कोठेही पडतात: शेतात, तलावावर, घरांच्या छपरांवर. सन २००५ च्या ऑक्टोबरात ‘विल्मा’ नावाचे प्रचंड वादळ कॅरिबियन समुद्रात उठले. त्यानंतरच्या थोड्याच आठवड्यांत अमेरिकेतील धुराड्यांत घरटी करणाऱ्या पाकोळ्या आणि तिकडचेच हसरे कुरव अटलांटिक ओलांडून युरोपच्या पश्चिम किनाऱ्यावर मोठ्या संख्येने दिसले. आणि इंग्लंडच्या अंतर्भागात, श्रॉपशायर परगण्यात, उष्ण कटिबंधातील एक फ्रिगेट पक्षी थकून पडलेला सापडला. चेस्टरच्या प्राणिसंग्रहालयात त्यास नेले, पण तो वाचला नाही.

म्हणजे अशक्य वाटणाऱ्या गोष्टी घडतात, हे निर्विवाद. अडचण वेगळी आहे. ही गोष्ट एकदा घडते, एका जागी घडते, बहुधा एकाच माणसासमक्ष घडते, आणि दुसऱ्या दिवशी तिचा मागमूस उरत नाही. रसायनशाळेतील प्रयोग पुन्हा करून पाहता येतो. वादळ पुन्हा बोलावता येत नाही. उरतो तो एका माणसाचा शब्द. त्या शब्दाला वजन किती द्यावयाचे?

डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्ववेत्त्याने चमत्कारांविषयीच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात (सन १७४८) हाच प्रश्न विचारला आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, शहाण्याने आपला विश्वास पुराव्याच्या मापाने मोजून द्यावा. आणि सांगितलेली गोष्ट जितकी अघटित, तितकी सांगणाराची चूक वा लबाडी अधिक संभवनीय. त्याने दिलेला एक दाखला आपल्याकडचा आहे. कोणी हिंदी राजा होता; थंडीने पाणी दगडासारखे घट्ट होते, हे त्यास परदेशी माणसाने सांगितले, पण त्याचा विश्वास बसला नाही. ह्यूम म्हणतो, राजाचे तर्कशास्त्र बरोबर होते. आता बर्फ तर खरेच होते! म्हणजे तर्क बरोबर असून निष्कर्ष चुकला. आणि ह्यूमला यात वावगे काही वाटत नाही. हा दाखला प्रथम वाचला तेव्हा आम्हांस त्या राजाची कीव आली होती. नियतकालिकाचे पत्र आल्यावर मात्र आम्ही स्वतः त्या परदेशी माणसाच्या जागी आहो, असे वाटू लागले. ह्यूमचा नियम काटेकोर पाळला, तर कोणत्याही देशात कोणताही नवा पक्षी कधीच सिद्ध व्हावयाचा नाही. कारण पहिल्या वेळी तो नेहमीच असंभाव्य असणार.

आपल्या नैयायिकांनी या प्रश्नास निराळ्या बाजूने हात घातला आहे. त्यांनी शब्द हे स्वतंत्र प्रमाण मानले, परंतु कोणाचा शब्द, तर आप्ताचा. आप्त म्हणजे नातलग नव्हे. ज्याने ती वस्तू स्वतः साक्षात जाणली आहे, आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्यास इच्छा आहे, तो आप्त. वात्स्यायनाच्या भाष्यात या लक्षणाविषयी एक मोठे उदार विधान आहे: ऋषी असो, आर्य असो की म्लेच्छ असो, लक्षण सर्वांस सारखेच लागू. कुळ, पांडित्य, पुस्तकांचे कपाट यांपैकी कशाचाही त्यात उल्लेख नाही. मात्र लक्षणातील पहिला भाग आपण नेहमी विसरतो. सांगण्याची इच्छा शुद्ध असली म्हणजे झाले, असे आपणांस वाटते. साक्षात जाणले होते काय, हे विचारावयाचे राहून जाते. आम्ही रागाने फणफणत होतो तेव्हा आमची सारी भिस्त त्या दुसऱ्या भागावर होती. आम्ही खोटे बोलत नव्हतो, हे खरे. पण नियतकालिकाने तो आरोप केलाच कोठे होता?

जुन्या काळी या साऱ्या कटकटीवर एक सरळ उपाय होता, तो म्हणजे बंदूक. पक्षी पाडावा, कातडे काढून त्यात पेंढा भरावा, पायाला चिठ्ठी बांधावी, आणि शंका असेल त्यापुढे ठेवावा. पाडलेला पक्षी इतिहासात जमा आणि निसटलेला दंतकथेत, अशा अर्थाची एक म्हणच इंग्रज पक्षिवेत्त्यांत रूढ होती. आमच्या देशात या पंथाचे मुख्य आचार्य म्हणजे दुसरे ह्यूम, ॲलन ऑक्टेव्हियन. काँग्रेसच्या स्थापनेमुळे त्यांचे नाव घरोघरी माहीत आहे. पक्षिशास्त्रासाठी त्यांनी १८७२ साली जे नियतकालिक काढले, त्याचे नाव ‘भटकी पिसे’ अशा अर्थाचे होते, ही आमच्या विषयाला साजेशी गोष्ट जाता जाता सांगून ठेवतो. पुढे १८८५ साली त्यांनी लंडनच्या संग्रहालयास कातडी व अंडी मिळून सुमारे ८० हजार नग दान केले. एवढ्या जिवांची हत्या मनाला पटत नाही. पण मेलेला पक्षी खोटे बोलत नाही, असा त्या पिढीचा भरवसा होता.

तो भरवसा कसा फसला, याची हकीकत फार उद्बोधक आहे. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर हेस्टिंग्ज शहराच्या परिसरात १८९२ पासून १९३० पर्यंत दुर्मिळ पक्ष्यांची जणू अतिवृष्टी झाली. जे पक्षी ब्रिटनमध्ये अन्यत्र कोणाच्या दृष्टीस पडत नव्हते, ते तेथे एकामागून एक पाडले जात. कधी वादळानंतर, कधी काहीच निमित्त नसताना. बहुतेक सारे जॉर्ज ब्रिस्टो नावाच्या, पक्ष्यांत पेंढा भरणाऱ्या कारागिराच्या दुकानातून येत. पक्षी खरे होते, ताजे होते, हातात घेऊन पाहता येत होते. जात ओळखण्यात काडीचीही चूक नव्हती. कुजबुज बरीच झाली, पण ज्यांनी पक्षी विकत घेतले किंवा तपासले ते प्रतिष्ठित गृहस्थ होते, आणि प्रतिष्ठितांच्या शब्दाला शब्द कोण देणार? शेवटी १९६२ च्या ऑगस्टात ‘ब्रिटिश बर्ड्‌स’ मासिकाने तो सारा प्रकार उघड्यावर मांडला. जॉन नेल्डर या संख्याशास्त्रज्ञाने त्या परिसरातील नोंदींची तुलना शेजारच्या परगण्यांशी आणि नंतरच्या काळाशी करून दाखविले की, इतक्या दुर्मिळ गोष्टी एकाच ठिकाणी, एकाच काळात घडणे हे केवळ दैवयोगाने संभवत नाही. सुमारे ६०० नोंदी रद्द झाल्या, आणि २९ जाती-उपजातींची नावे ब्रिटनच्या यादीतून खोडली गेली. परदेशांत मारलेले पक्षी बर्फात घालून जहाजातून आणले जात असावेत, असा तर्क आहे. म्हणजे पक्षी खरा, जात खरी, मरण खरे. खोटी होती ती पायाची चिठ्ठी. कातडे आपण कोण हे सांगते. आपण कोठे मेलो हे त्यास सांगता येत नाही. ते सांगावयास पुन्हा माणूसच लागतो.

या न्यायनिवाड्याची एक बाजू मात्र आम्हांस अद्यापि टोचते. निकाल लागला तेव्हा ब्रिस्टो हयात नव्हता, आणि त्याच्यावर आरोप कोणत्याही न्यायालयात शाबीत झालेला नाही. शिवाय त्या ६०० नोंदींत दहावीस तरी खऱ्या असतीलच. इंग्लंडचा तो किनारा पक्ष्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवरचाच आहे. खोडलेल्यांपैकी काही जाती पुढे ब्रिटनमध्ये खरोखरीच दिसल्या आणि यादीत परत आल्या. कोणा प्रामाणिक शेतकऱ्याने वादळानंतर बांधावर सापडलेला पक्षी दुकानात नेऊन दिला असेल, तर त्याचे सत्य इतरांच्या असत्याबरोबर बुडाले. संख्याशास्त्र घाऊक न्याय देते. किरकोळीत त्यामुळे कोणावर अन्याय झाला, हे त्यास दिसत नाही.

चिठ्ठीच्या खोटेपणाचा याहून वाईट दाखला खुद्द महाराष्ट्राशी संबंधित आहे. तो पक्षी वादळाने भरकटलेला नव्हता हे खरे, परंतु त्याचा पत्ता मात्र एका माणसाने भरकटविला. रानपिंगळा नावाचे लहानसे घुबड मध्य भारतातील जंगलांत राहते. त्यास शास्त्रीय नाव दिले ते वर सांगितलेल्या ॲलन ह्यूम यांनीच, १८७३ साली. १८८४ नंतर तो कोणास दिसला नाही, अपवाद एक: रिचर्ड माइनर्टझागेन या बड्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १९१४ साली गुजरातेत मांडवी येथे मिळविलेले एक कातडे. सारे शोधक या चिठ्ठीवर विसंबले आणि रिकाम्या हाताने परत आले. पुढे पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी ते कातडे बारकाईने तपासता असे निघाले की, ते १८८०च्या दशकात जेम्स डेव्हिडसन याने खानदेशात मिळविलेले होते. माइनर्टझागेनने ते संग्रहालयातून चोरून, उसवून, पुन्हा शिवून त्यावर आपली चिठ्ठी लावली होती. मांडवी बाजूस ठेवून जुन्या खऱ्या ठिकाणांकडे वळताच, १९९७ च्या नोव्हेंबरात, शहाद्याजवळच्या रानात रानपिंगळा जिवंत सापडला. कर्नल, धनाढ्य घराण्यातला, युद्धात गाजलेला, अशा गृहस्थाच्या शब्दावर कोणी शंका घ्यावयाची? ती घेतली नाही म्हणून पुढच्या कित्येक शोधकांचे श्रम वाया गेले. शंका न घेण्याचीही किंमत कोणालातरी द्यावी लागते; फक्त ती देणारा बहुधा तिसराच असतो.

परंतु लबाडांच्या गोष्टींनी आमचा प्रश्न सुटत नाही. आम्ही लबाड नव्हतो. आमच्या प्रश्नाला लागू पडणारी गोष्ट निराळीच आहे, आणि ती अगदी साधी आहे. १९५३ च्या जुलैत स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील टायरी बेटावर एक फ्रिगेट पक्षी मरणासन्न अवस्थेत पकडला गेला. अटलांटिकच्या उष्ण भागात जी मोठी जात सर्वत्र आढळते तीच ही, असे त्या वेळच्या तज्ज्ञांनी ठरविले. तेच संभवनीय होते. ह्यूमलाही ते मान्य झाले असते. पक्ष्याचे कातडे एडिंबरोच्या संग्रहालयात ठेवले गेले. सुमारे ५० वर्षांनी दुसऱ्या काही अभ्यासकांनी कपाट उघडून ते पुन्हा पाहिले, तेव्हा असे दिसून आले की, पक्षी त्या जातीचा नव्हताच. दक्षिण अटलांटिकमधील असेन्शन बेटापाशीच वीण करणारी, जगात अन्यत्र कोठेही न वाढणारी जी जात, तिचा तो पिलूवयातला पक्षी होता. म्हणजे जे असंभाव्य म्हणून कोणाच्या मनातही आले नाही, तेच खरे ठरले. पहिल्या तज्ज्ञांनी खोटे सांगितले काय? मुळीच नाही. त्यांनी जे पाहिले ते जाणतेपणी आणि सचोटीने सांगितले, आणि ते चुकीचे होते. त्यांच्या प्रामाणिकपणाला या दुरुस्तीने तिळमात्र डाग लागला नाही.

अनृत आणि भ्रम या दोन वस्तू आपल्या शास्त्रांनी काळजीपूर्वक वेगळ्या ठेवल्या आहेत. अनृत हा वाणीचा दोष आहे, भ्रम हा ज्ञानाचा. अनृताचा संशय घेतला तर अपमान होतो, हे कबूल. भ्रमाचा संशय घेतला तर कसला अपमान? दोरीला साप समजणारा मनुष्य खोटारडा नसतो. आणि दिवा आण म्हणणारा त्याचा वैरी नसतो. ब्रिटनमध्ये १९५९ पासून दुर्मिळ नोंदी तपासणारी एक समिती आहे; तिच्या सदस्यांच्या स्वतःच्या नोंदीही त्याच चाळणीतून जातात. आपल्याकडे २०१६ साली भारतातील पक्ष्यांची जी नवी चिकित्सक यादी प्रसिद्ध झाली, तिनेही पुरेसा पुरावा नसलेली नावे मुख्य यादीतून काढून वेगळी मांडली. ‘स्वीकारता येत नाही’ म्हणजे ‘घडले नाही’ असे नव्हे, तर ‘घडले असे तिसऱ्याला म्हणता यावे इतके हाती नाही’. यादी ही पाहणाराची नसते. ज्याने पाहिले नाही, पाहणारास ओळखतही नाही, आणि कदाचित शंभर वर्षांनी जन्मास येणार आहे, त्याची असते. त्याला आमच्या सज्जनपणाची ओळख कोठून असणार?

यावर कोणी म्हणेल की, आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, तेव्हा हा वाद संपला. आम्हांस तसे वाटत नाही. बंदूक १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गेली हे उत्तम झाले. पण तिची जागा ज्याने घेतली तोही निरुपद्रवी नाही. वादळाने आणलेला पक्षी बहुधा उपाशी आणि मरणाच्या दारी असतो. त्यास सावली, स्वस्थता आणि जाणत्या माणसाचे हात हवे असतात. मिळतो तो माणसांचा घोळका. दुर्मिळ पाहुणा आला की, शेकडो मैलांवरून माणसे धावत येतात, आणि ज्याला पाहावयाचे त्यालाच उडवून उडवून दमवतात. पुरावा मागणे रास्त असेल, तर तो पुरावा कोणाच्या जिवावर मिळवावयाचा, हा प्रश्नही तितकाच रास्त आहे. आणि त्याचे उत्तर कोणत्याही समितीच्या नियमांत आम्हांस मिळालेले नाही. आमच्यापुरते उत्तर आम्हांस ठाऊक आहे. तो तासभर आम्ही पुराव्यात घालविला. त्या तासात तो गोणपाटाखाली निजून राहिला असता तर वाचला असता, असे आम्ही म्हणत नाही. कदाचित नसताच वाचला. परंतु तो तास त्याचा होता, आमचा नव्हता, आणि हे आबांस टोपली पालथी घालताना समजले होते.

त्याच वर्षीच्या दिवाळीत सुरय पक्ष्यांच्या सवयींविषयी वाचीत असता आमच्या वाचनात असे आले की, समुद्रात तरंगणाऱ्या लाकडावर, कचऱ्यावर बसून विसावा घेण्याची लगाम्याला मोठी सवय आहे. काजळ्या तसे क्वचितच करतो. दोघांत दुरून भेद करावयाचा तर ही एक चांगली खूण समजली जाते. आम्ही पुस्तक मिटले आणि ती पंधरावीस छायाचित्रे पुन्हा काढून बसलो. एका अंधुक छायाचित्रात डोळ्याच्या मागे एक बारीक पांढरी रेघ होती. ती आम्ही मे महिन्यातही पाहिली होती. ओली पिसे विस्कटली आहेत, अशी स्वतःची समजूत घालून तिला बाजूस सारले होते. अजूनही शपथेवर सांगा म्हटले तर आम्हांस सांगवणार नाही. पंखाचे माप नाही, आणि पक्षी वाळूत गेला. परंतु काजळ्या म्हणून जी नोंद आम्ही पाठविली होती, ती आपण होऊन मागे घेत असल्याचे पत्र आम्ही त्या नियतकालिकास लिहिले. आबांनी ओंडक्याविषयी सांगितलेले त्यात नमूद केले.

पुढच्या खेपेस गावी गेलो तेव्हा आबा अंगणात जाळे विणीत बसले होते. सारी हकीकत आम्ही त्यांस सांगितली. पत्र मागे घेतल्याचेही सांगितले. हातातले काम न थांबविता ते म्हणाले, “मियां तेवाच सांगलंय.” मग थोड्या वेळाने वर पाहून त्यांनी विचारले, “तेच्या डाव्या पंखाक लागलेला, ता लिवलास काय?”

ते आम्ही लिहिले नव्हते. घरी येऊन छायाचित्रे पाहिली. तिहींत डावा पंख खाली लोंबत होता.